मेडिकलमधल्या फार्मासिस्टला लस टोचायची परवानगी असावी का?

कडुलिंब | १ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, या आठवड्यात जे झालं त्यानंतर लिहायलाच बसले.

मी बी.फार्म. आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे आणि चौदा वर्षं काउंटरमागे मी स्वतः उभी असते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २१ तारखेला, जवळच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याला कुत्रं चावलं. पोटरीचा लचकाच तोडला. त्याच दिवशी जिल्ह्याला जाऊन जखमेत सीरम आणि दंडात लसीचा पहिला डोस घेऊन तो परत आला. पुढचे डोस गावातच घ्यायचे ठरले. समोरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दिवस लिहून दिले : ३, ७, १४, २८.

तिसऱ्या दिवसाचा डोस झाला. सातव्या दिवशी तो आला तेव्हा समोरच्या दवाखान्याला कुलूप, डॉक्टर दिवाळीसाठी आपल्या गावी गेलेले. लस माझ्या फ्रीजमध्ये, सिरिंज माझ्या कपाटात, पेशंट माझ्या पायरीवर, आणि मी त्याला म्हणतेय, "दादा, उद्या या." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. डॉक्टर रात्री येणार होते आणि त्याची शेवटची एसटी साडेपाचची. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मोफत मिळते, पण ते त्याच्या वाडीच्या उलट दिशेला १४ किलोमीटर. त्यानंतर तो आलाच नाही.

रोज मी लोकांना इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, कुठे टोचायचं, सुई कधी बदलायची ते शिकवते. ज्यांना शिकवते ते घरी जाऊन स्वतःला टोचतात. मला मात्र दंडात एक लस टोचता येत नाही.

बाहेरच्या देशांत फार्मासिस्ट लस देतात असं वाचते. आपल्याकडे हा अधिकार कायद्याने मिळावा का? मिळाला तर कोणत्या अटींवर? डॉक्टर मंडळींनी मोकळेपणाने लिहावं, मला राग येणार नाही.

---

चिंचगूळ | १ नोव्हेंबर, रात्री १०:३१

मिळावा. शंभर टक्के. वडिलांच्या फ्लूच्या लशीसाठी मी दर वर्षी अर्धा दिवस रजा टाकतो. टोचायला लागतं अर्धं मिनिट.

---

स्टेथो | १ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी त्या माणसाला गाठा. रेबीजच्या लशीचा एखादा दिवस चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. उरलेले डोस जिथे थांबले तिथून पुढे चालू करायचे, मधलं अंतर तेवढंच ठेवायचं. बऱ्याच लोकांना वाटतं, "चुकला, आता काय उपयोग", आणि ते सोडून देतात. रेबीज झाल्यावर औषध नाही. उद्या सकाळी फोन करा.

आता प्रश्न. मी बालरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि मला हा अधिकार द्यावा असं वाटत नाही. निदान मुलांच्या बाबतीत तरी नाही.

लस हे माझ्यासाठी मूल बघायचं निमित्त असतं. नऊ महिन्यांचं बाळ गोवर-रुबेलासाठी येतं. मी त्याचं वजन करतो, डोक्याचा घेर मोजतो, आधाराशिवाय बसतं का ते बघतो, टाळूला हात लावतो. आई म्हणते, "सगळं ठीक आहे", आणि बाळ हाकेला मान वळवत नाही हे मला तिथे कळतं. ऐकू न येणारी किती मुलं मी लशीच्या दिवशी पकडली आहेत! हे काउंटरवर होणार नाही.

दुसरं म्हणजे रिअॅक्शन. लशीने येणारा अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवावर बेतणारी अॅलर्जी, फार विरळा, दहा लाख डोसांमागे साधारण एक. पण तो एक आला की हातात मिनिटं असतात. मांडीत अॅड्रेनलिन द्यायचं, मोठ्या माणसाला अर्धा मिली, आणि द्यायला कचरायचं नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही.

---

रानपाखरू | १ नोव्हेंबर, रात्री ११:२०

डॉक्टरसाहेब, तुमचं पटतं. पण आमच्या गावात टोचतं कोण, ते सांगू का? कंपाउंडर. डॉक्टर आतल्या खोलीत, बाहेर बाकड्यावर कंपाउंडरकाका. माझ्या लहानपणापासून सगळी सलाइनं, सगळी इंजेक्शनं त्यांनीच दिली. दहावी झाले होते की नाही देव जाणे. हात मात्र हलका होता, गावातली पोरं त्यांच्याकडेच जायचा हट्ट धरायची.

परवानगी नाही म्हणून कुणी टोचत नाही, असं नाही हो. शिकलेला माणूस कायद्याला घाबरून थांबतो आणि न शिकलेला टोचून मोकळा होतो.

---

स्टेथो | १ नोव्हेंबर, रात्री ११:३८

@रानपाखरू, अगदी खरं, आणि त्याचा तोटाही सांगतो. रेबीजची लस मोठ्या माणसाला दंडातच द्यावी लागते. कुल्ल्यावर दिली तर तिथल्या चरबीमुळे पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. कंपाउंडरच्या हाताला सवय कुल्ल्याची. "पाचही डोस झाले" म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि संरक्षण अर्धवट. असा पेशंट मी बघितलाय. नशिबाने वेळेत कळलं आणि पुन्हा डोस देता आले.

---

फिलीकर | २ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी फिलाडेल्फियात फार्मासिस्ट आहे, मूळची सांगलीची. फ्लूच्या दिवसांत आमच्या दुकानात दिवसाला साठ-सत्तर लसी होतात. इथला अनुभव लिहिते.

हा अधिकार इथे एका रात्रीत मिळालेला नाही. १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात फार्मासिस्टना लस द्यायचं प्रशिक्षण सुरू झालं. १९९६ मध्ये अमेरिकन फार्मासिस्ट्स असोसिएशनने प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम काढला. मग एकेक राज्य करत २००९ मध्ये मेन राज्यानेही होकार दिला आणि पन्नास राज्यं पूर्ण झाली. तेव्हा डॉक्टरांच्या संघटना अगदी स्टेथोंसारखंच बोलत होत्या. राज्याराज्यांत वयाची अट वेगळी, लशींची यादी वेगळी. कोविडच्या आणीबाणीत, ऑगस्ट २०२० मध्ये, केंद्राने ३ ते १८ वर्षांच्या मुलांनाही फार्मासिस्टने लस द्यायला परवानगी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत टेक्निशियन, म्हणजे आमचे मदतनीस, त्यांनाही.

प्रत्यक्षात कसं चालतं? माझ्याकडे लसीकरणाचं प्रमाणपत्र आहे. सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवण्याचं, तेही आहे, ते ठरावीक मुदतीने नवं करावं लागतं. हाताशी अॅड्रेनलिनचा डबा असतो. टोचायच्या आधी प्रश्नावली : अॅलर्जी, ताप, गरोदरपण, आधीची रिअॅक्शन. टोचल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीत बसवायचं. नोंद राज्याच्या रजिस्टरमध्ये जाते, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरलाही दिसते.

आता वाईट बाजू. अधिकार वाढला, माणसं वाढली नाहीत. एकीकडे गोळ्या मोजायच्या, दुसरीकडे फोन, खिडकीशी गाड्यांची रांग आणि मध्येच "लस घ्यायचीय". सप्टेंबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत फार्मासिस्टनी कामाच्या ताणामुळे कामावर जायचं थांबवलं होतं. मी स्वतः एकदा दमून चुकीच्या माणसाला चुकीची लस द्यायच्या बेतात होते. नाव दुसऱ्यांदा विचारलं म्हणून वाचले. त्या रात्री घरी येऊन रडले.

---

कडुलिंब | २ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

स्टेथो, सकाळी सातलाच फोन लावला. बायकोने उचलला. "आता दिवस टळला ना, म्हणून गेले नाहीत", हेच म्हणाली, अगदी तुमच्याच शब्दांत. समजावून सांगितलंय. डॉक्टर परत आलेत, उद्या येतो म्हणालाय. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

फिलीकरताई, चूक व्हायच्या बेतात होती ते लिहिलंत हे फार मोलाचं आहे. एक विचारते : तुम्हाला डॉक्टरची चिठ्ठी लागते का?

---

फिलीकर | २ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

एरवी नाही लागत. पण २०२५ मध्येच केवढा गोंधळ झाला, तो ऐका.

अनेक राज्यांच्या कायद्यात लिहिलंय की फार्मासिस्टने कुठली लस द्यायची, तर एसीआयपी नावाची केंद्राची तज्ज्ञ समिती शिफारस करेल ती. कित्येक वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग जून २०२५ मध्ये त्या समितीचे सगळे १७ सभासद आरोग्यमंत्र्यांनी काढून टाकले. ऑगस्टच्या शेवटी कोविडच्या नव्या लशींना मंजुरी मिळाली, पण समितीची शिफारस आलेली नव्हती. लस फ्रीजमध्ये आहे, माझ्या हाताला सवय आहे, समोर सत्तरीच्या आजी आहेत, आणि मी त्यांना म्हणतेय, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा." कडुलिंबताई, तुमची पायरी वाचली तेव्हा मला माझा काउंटर आठवला.

आमच्या पेनसिल्वेनियाच्या फार्मसी बोर्डाने ३ सप्टेंबरला बैठक घेऊन वाट काढली. बालरोगतज्ज्ञांच्या, प्रसूतितज्ज्ञांच्या, फॅमिली डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनांच्या शिफारशीही चालतील असं ठरवलं. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने वेगळा आदेश काढला. थोडक्यात, तुमच्याकडे कधी कायदा झालाच, तर अधिकार कुणाच्या शिफारशीला बांधताय ते फार जपून लिहा. एकाच खुंटीला सगळं टांगलं की खुंटी निघाल्यावर सगळं खाली येतं.

---

कलम_बेचाळीस | २ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

वकील आहे, औषध परवान्यांची प्रकरणं बघतो. आपल्याकडची स्थिती सांगतो.

फार्मसी अॅक्ट १९४८ चा. त्याच्या ४२व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करून द्यायचं. (माझा आयडी तिथूनच.) दुकानाला दोन परवाने असतात, फॉर्म २० आणि फॉर्म २१. दुसरा 'सी' आणि 'सी-१' शेड्यूलच्या औषधांसाठी. सीरम, लसी यांत येतात. म्हणजे लस ठेवायला आणि विकायला कायद्याने मेडिकल आजच लायक धरलेलं आहे.

२०१५ साली फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले. त्यात 'फार्मसी प्रॅक्टिस'च्या व्याख्येत रुग्णाला औषध देण्याच्या क्रियेत फार्मासिस्टचा 'सहभाग' असे शब्द आहेत, समुपदेशन तर आहेच. काही उत्साही लोक म्हणतात, यात टोचणं बसतं. माझं मत : बसत नाही. 'सहभाग' म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर सुई टोचणं नव्हे. उद्या काही वाईट झालं तर कोर्टात हा शब्द तुम्हाला वाचवणार नाही. कडुलिंबताई, तुम्ही टोचलं नाहीत ते बरोबर केलंत.

मात्र एक दाखला हाताशी असू द्या. कोविड लसीकरणाच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना डिसेंबर २०२० मध्ये आल्या. त्यात लस टोचणारे म्हणून डॉक्टर, स्टाफ नर्स, एएनएम (उपकेंद्रावरच्या परिचारिका), एलएचव्ही (त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या) यांच्या बरोबरीने फार्मासिस्ट हा शब्द स्पष्ट होता. आणीबाणीत सरकारला फार्मासिस्टचा हात चालला. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली आणि २१ ऑक्टोबरला १०० कोटी डोस झाले. तो हात नंतरही चालावा, एवढीच मागणी असेल तर ती हवेतली नाही.

---

तळ्याकाठी | २ नोव्हेंबर, दुपारी १:१८

कडुलिंबताईंसारखी सगळी मेडिकलं असती तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. पण किती दुकानांत फार्मासिस्ट खरोखर हजर असतो? भिंतीवर एकाच्या नावाचं सर्टिफिकेट, काउंटरवर भाच्याला बसवलेलं. सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने दिलेलं, मालक तिसराच. २०१२ च्या आसपास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी "फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकान चालणार नाही" अशी मोहीम काढली, तेव्हा केवढा विरोध झाला, दुकानं बंद ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. ते प्रकरण मिटलंय असं वाटतं का तुम्हाला?

माझ्या आईला एका दुकानातून रक्तदाबाच्या ऐवजी मधुमेहाची गोळी दिली गेली होती. नावं सारखी होती म्हणे. ती चक्कर येऊन पडली, खुब्याचं हाड मोडलं. गोळी देणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. उद्या त्याच मुलाच्या हातात सुई येणार असेल तर माझा ठाम विरोध.

---

चिंचगूळ | २ नोव्हेंबर, दुपारी १:३०

वाचून वाईट वाटलं. मी वर घाईत शंभर टक्के लिहिलं, ते आता ऐंशीवर आणतो.

---

पाड्यावरची | २ नोव्हेंबर, रात्री ९:४४

मी एएनएम. नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रावर. दिवसभर सत्र होतं, आता जेवून लिहितेय.

माझ्याकडे अकरा पाडे. एकाही पाड्यावर मेडिकल नाही. व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला, आत चार आइसपॅक, आशाताई पुढे, मी मागे. पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत काठावर बसून राहतो. गोवर-रुबेलाची बाटली एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. मग एका बाळासाठी बाटली फोडायची की नाही? फोडते मी. बाळ पुन्हा सापडेल न सापडेल. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब एप्रिलशिवाय परत येत नाही.

तुम्ही सगळे म्हणताय फार्मासिस्टला अधिकार द्या. द्या, माझी हरकत नाही. मीही डॉक्टर नाही. दीड-दोन वर्षं शिकले, मग हजारो बाळं टोचली. बाळाच्या दंडात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, कातडीच्या आत द्यायची असते, बरोबर गेली की छोटासा फुगवटा येतो. ते हाताला कळायला मला तीन महिने लागले, शेजारी सिस्टर उभ्या असायच्या. एवढं शिकवून द्या. दोन दिवसांचं शिबिर आणि एक कागद, असं करू नका.

आणि शहरातल्या मेडिकलला अधिकार दिला म्हणून इथलं पद रिकामं ठेवू नका. एवढंच म्हणायचंय.

---

स्टेथो | २ नोव्हेंबर, रात्री १०:०१

पाड्यावरची सिस्टर, तुम्हाला नमस्कार. "हाताला कळायला तीन महिने", हे मला तीन परिच्छेदांत सांगता आलं नव्हतं.

---

जुनीपानं | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

थोडं अवांतर. लस डॉक्टरनेच टोचावी ही कल्पना आपल्याकडे जुनी नाहीच. माझे आजोबा सांगायचे, गावात देवी काढायला माणूस यायचा, त्याला 'देवीचा डॉक्टर' म्हणत. तो डॉक्टर नव्हता, शिकवून तयार केलेला टोचणीस होता. पुढे दोन टोकांची सुई आली, लशीत बुडवायची आणि दंडावर पंधरा वेळा टोचायची, की झालं. अशा हजारो शिकवलेल्या हातांनी १९७५ मध्ये देशातून देवी घालवली.

हिंदुस्थानातली पहिली देवीची लसही मुंबईतच दिली गेली, १४ जून १८०२, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला.

दुसरी बाजूही सांगतो. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मळकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांची निर्दोष सुटका व्हायला १९०७ उजाडलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, असं पुढे आलं. एका चिमट्यापायी १९ जीव गेले. कोण टोचतो यापेक्षा कसं टोचतो, कोण नोंद ठेवतो आणि चूक झाल्यावर शोध कसा लागतो, याचा विचार आधी व्हावा.

---

सुईदोरा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

आमच्या घरातलं सांगते. नवरा सहा फूट दोन इंच, पैलवान घराण्यातला. कोविडच्या लशीला गेलो, सिस्टरनी कापूस लावला आणि हा आडवा! सुई अजून ट्रेमध्येच होती. आता मी कुठेही लस असली की आधी विचारते, "खाटेची सोय आहे का?" मेडिकलवाल्यांनी काउंटरसमोर दोन खुर्च्या तरी भक्कम ठेवा, ही आमच्या घरची नम्र विनंती.

---

स्टेथो | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

@सुईदोरा, हसलो खरा, पण मुद्दा अगदी बरोबर. लशीनंतर होणाऱ्या त्रासात रिअॅक्शनपेक्षा नुसती चक्कर जास्त दिसते, आणि इजा होते ती पडल्यामुळे. बसवून टोचणं आणि पंधरा मिनिटं थांबवणं त्यासाठीच. गल्लीतल्या आठ बाय दहाच्या मेडिकलात ती जागा कुठे आहे?

---

थेम्सकाठी | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

इंग्लंडमध्ये २०१५ पासून एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, फ्लूची लस फार्मसीत मिळते. माझ्या कोपऱ्यावरच्या फार्मसीतही आठ बाय दहाचीच खोली आहे, पण वेगळी, पडदा-दार असलेली. ती नसेल तर सेवा देता येत नाही.

तळ्याकाठी यांच्या भीतीवर इथली पद्धत उपयोगी पडेल. इथे 'पेशंट ग्रुप डायरेक्शन' नावाचा लेखी आदेश असतो. कोणती लस, कोणाला द्यायची, कोणाला अजिबात नाही, किती डोस, काही झालं तर काय करायचं, सगळं त्यात. त्यावर एका डॉक्टरची आणि एका फार्मासिस्टची सही असते. आणि त्याखाली काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव लिहून मंजूर करावं लागतं. दुकानाचं नाव पुरत नाही. मालकाचा भाचा त्या कागदावर नाही, म्हणजे तो सुईला हात लावू शकत नाही.

---

तळ्याकाठी | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

हे असं असेल तर मी ऐकायला तयार आहे.

---

गल्लीतला_गणू | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

कुणीच बोलत नाही म्हणून मी विचारतो. जो विकतो तोच टोचणार, म्हणजे नको त्या लसीही गळ्यात मारणार नाहीत का? "काका, ही पण घेऊन टाका, सीझन आहे."

---

कलम_बेचाळीस | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३५

रास्त शंका. पण औषध नियमांतल्या शेड्यूल 'के'ने दिलेली परवान्यातली सूट वापरून डॉक्टरही आपल्या पेशंटला औषध देतातच आणि खासगी दवाखान्यात लस दवाखान्याच्याच फ्रीजमधून येते. दोन्हीकडे उपाय एकच : कुणाला कोणती लस द्यायची याची यादी आधीच ठरलेली हवी, विकणाऱ्याच्या मर्जीवर नको.

---

स्टेथो | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कलमसाहेब, टोला लागला आणि तो योग्य जागी लागला. हो, लसीकरण हा आमच्या उत्पन्नाचा भाग आहे आणि विरोधात तोही कुठेतरी असणार. मान्य करतो.

शीतसाखळीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिथे मला तुमचीच बाजू घ्यावी लागतेय. आज काय होतं? आई मेडिकलमधून लस घेते, दुकानदार प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे टाकून कुपी त्यात ठेवतो, ती रिक्षाने माझ्याकडे येते. लस २ ते ८ अंशांत हवी. लोकांना फक्त उन्हाची भीती वाटते. पण धनुर्वाताची, हिपॅटायटिस-बीची लस बर्फाला चिकटून गोठली तर ती कायमची वाया जाते, आणि वरून बघून कळत नाही. रुग्ण भिजलेली पिशवी अभिमानाने दाखवतो, "डॉक्टर, बघा कशी गार ठेवलीय!" काय सांगू त्याला?

फ्रीजमधून काढली आणि तिथेच दंडात गेली, तर हा प्रवासच वाचतो. हा मुद्दा इतकी वर्षं माझ्या लक्षात आला नव्हता.

---

रानपाखरू | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१२

आमच्याकडे आठ-आठ तास लाइट जाते, त्याचं काय? आणि लशीच्या फ्रीजमध्ये दुधाची पिशवी आणि श्रीखंडाचा डबा मी स्वतः बघितलाय.

---

कडुलिंब | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. रानपाखरू, माझ्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे, सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहिते. इन्व्हर्टर त्या फ्रीजसाठीच घेतला. पण सगळीकडे असं नाही हे मला माहीत आहे. आमच्याच व्यवसायातली माणसं सर्टिफिकेट भाड्याने देतात आणि त्यामुळे जी उभी राहून काम करते तिच्या शब्दाला किंमत राहत नाही. तळ्याकाठी, तुमच्या आईंचं वाचून मला आमच्या सगळ्यांच्या वतीने शरम वाटली.

आता मला काय मागायचंय ते जास्त स्पष्ट झालंय. आधी मी "फार्मासिस्टला" अधिकार असं लिहिलं होतं. तो सरसकट सगळ्यांना नको. ज्याने प्रशिक्षण घेतलं, कुणाच्या तरी नजरेखाली हात बसवला, त्याच्या नावावर द्या. तो दुकानात नसेल तेव्हा त्या दुकानात लस टोचली जाणार नाही. इंग्लंडची पद्धत मला पटली.

पाच वर्षांखालची बाळं पाड्यावरच्या सिस्टरकडे आणि डॉक्टरांकडेच राहू द्यात. बाळाची मान वळते का ते मला कळणार नाही. सुरुवात मोठ्यांपासून व्हावी : फ्लू, न्यूमोनिया, धनुर्वात, हिपॅटायटिसचा दुसरा-तिसरा डोस. आणि रेबीजचे पुढचे डोस. पहिला नाही. जखम किती खोल, सीरम लागतं का, हे डॉक्टरनेच बघायचं. पण एकदा त्यांनी चिठ्ठीवर दिवस लिहून दिले, की तो दिवस पाळणं हे माझं काम असायला काय हरकत आहे?

अॅड्रेनलिन ठेवायचं, दोन भक्कम खुर्च्या ठेवायच्या (सुईदोराताई, तुमच्या घरच्यांसाठी तिसरी आडवी होणारी), आणि प्रत्येक डोसाची नोंद डॉक्टरांना त्याच दिवशी जायची. फिलीकरताईंचं लक्षात ठेवलंय : शिफारस कुणाची धरायची ते एकाच खुंटीला टांगायचं नाही, आणि गर्दीच्या वेळी एकट्या माणसावर टोचणं लादायचं नाही.

---

स्टेथो | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मोठ्यांसाठी, चिठ्ठीवरच्या पुढच्या डोसांसाठी, नावावर परवाना : मी सही करीन. मुलांसाठी नाही. आणि शिकवायला माणूस हवा असेल तर महिन्यातला एक रविवार माझा. माझी सिस्टर शिकवेल, मी बाजूला उभा राहीन. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

---

पाड्यावरची | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२५

कडुलिंबताई, तो माणूस आला का? ते राहिलं सांगायचं.

---

कडुलिंब | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३४

हो, काल आला, बायकोला घेऊनच. डॉक्टरांनी तिसरा डोस दिला, दंडात, मी मुद्दाम बघून घेतलं. आता १० आणि २४ तारखेचे राहिलेत. दोन्ही दिवशी दवाखाना उघडा आहे ना, हे डॉक्टरांना आजच विचारून वहीत लिहून ठेवलंय, आणि आदल्या संध्याकाळी त्याच्या बायकोला फोन करायचाय.